सहा हजार व्हिडिओंमधले एक व्हायोलिन: गेलिन ली यांचे प्रकरण

मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतील नॅशनल पब्लिक रेडिओने, म्हणजे एनपीआरने, आपल्या 'टायनी डेस्क' ('छोटे टेबल') या, टेबलापाशी गायलेल्या गाण्याचा व्हिडिओ मागवणाऱ्या संगीत स्पर्धेचा निकाल जाहीर केला. देशभरातून सहा हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या होत्या आणि त्यांतून निवड झाली ती मिनेसोटा राज्यातील डुलूथ या शहरात राहणाऱ्या व्हायोलिनवादक आणि गायिका गेलिन ली यांची. अशा वेळी 'एका नव्या कलावतीचा शोध लागला' असे लिहिण्याची रीत आहे. प्रस्तुत प्रकरणापुरते तरी हे विधान जपून वापरावे लागते. गेलिन ली तेव्हा तिशी ओलांडलेल्या होत्या, वीसहून अधिक वर्षे व्हायोलिन वाजवत होत्या, मुलांना आणि मोठ्यांना वादनाचे धडे देत होत्या, आणि २०१५ मध्ये त्यांचा स्वतःचा अल्बमही निघाला होता. 'लो' या डुलूथमधल्याच नावाजलेल्या बँडचे ॲलन स्पारहॉक यांच्याबरोबर त्यांनी 'द मर्डर ऑफ क्रोज' या नावाने जोडीने कार्यक्रमही केले होते. डुलूथला त्या ठाऊक होत्या. मग सार्वजनिक रेडिओने नेमके काय केले, आणि काय त्याच्या हातात नव्हते, हे या एका उदाहरणावरून तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम वादनाविषयी, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. गेलिन ली यांना जन्मतः 'ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा' हा हाडे ठिसूळ करणारा आजार आहे. हातापायांची वाढ वेगळ्या प्रकारे झालेली असून त्या विजेवर चालणारी व्हीलचेअर वापरतात. व्हायोलिन हनुवटीखाली धरणे त्यांना शक्य नाही. शाळेत असताना वाद्यवृंद ऐकून त्यांना तंतुवाद्याची ओढ लागली. संगीत ऐकून उत्तरे देण्याच्या चाचणीत त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि हे पाहून शिक्षिकेने 'जमणार नाही' असे न म्हणता जमेल अशी बैठक शोधून काढली. व्हायोलिन चेलोसारखे समोर उभे, ते घसरू नये म्हणून पायाशी अडकवलेले, आणि हातातला गज डबल बास वाजवणारे धरतात तसा. ही बैठक पाठ्यपुस्तकात नाही. त्यामुळे वाद्यवृंदाच्या रूढ चाचणीत परीक्षकाची नजर आधी बैठकीवर जाईल आणि कान नंतर कामाला लागतील, हा धोका अशा वादकाच्या मागे कायमचा असतो.

दुसरी गोष्ट लूप पेडलची. पायाने दाबायच्या या छोट्या यंत्रात वादकाने त्या क्षणी वाजवलेली ओळ मुद्रित होते आणि लगेच पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागते. तिच्यावर वादक दुसरी ओळ चढवतो, तिच्यावर तिसरी. खालच्या तारेवरचा लांब स्वर आधी अंथरायचा, त्यावर एक ठेका देणारी ओळ, मग वरच्या पट्टीतली धून, आणि हा सारा थर फिरत असताना गाणे सुरू करायचे, असा हा क्रम असतो. पहिल्या ओळीत बेसूर गेलेला स्वर पुढे प्रत्येक आवर्तनात परत येतो, त्यामुळे या तंत्रात चुकीला लपायला जागा नसते. स्पर्धेसाठी पाठवलेले 'समडे वी'ल लिंगर इन द सन' हे गेलिन ली यांचे स्वतःचे गाणे या पद्धतीने सादर केलेले होते. साथीदार नाहीत, ध्वनिमुद्रणाचा सरंजाम नाही. एका माणसाने एका खोलीत बसून उभारलेला वाद्यमेळ.

हे गाणे देशभर पोहोचण्याचे इतर मार्ग कोणते होते? व्यापारी रेडिओचा मार्ग त्या काळी जवळजवळ बंदच होता. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा काढून टाकली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे बाराशेंहून अधिक केंद्रे गोळा झाली. कोणती गाणी लावायची हा निर्णय केंद्रावर बसलेल्या माणसाच्या हातून निघून दूरच्या मुख्यालयात गेला. गाणे वाजवण्यासाठी गुपचूप पैसे घेण्याला १९६० मध्ये कायद्याने बंदी झालेली असली, तरी मोठ्या कंपनीची पाठराखण नसलेल्या कलावंताचे गाणे त्या यादीत शिरण्याची शक्यता त्यामुळे वाढली नाही. ध्वनिमुद्रण कंपन्यांचे गणितही सरळ असते: गुंतवलेला पैसा परत येण्यासाठी दौरे हवेत, दौऱ्यांसाठी प्रवास हवा, आणि प्रवासात अडचण दिसली की करार मागे पडतो. गेलिन ली यांच्याबाबतीत कोणा विशिष्ट कंपनीने असे केले, असा येथे दावा नाही. त्यांच्या संगीताला बाजारातील कोणताच तयार कप्पा लागू नव्हता, एवढेच म्हणायचे आहे.

सार्वजनिक रेडिओची घडण वेगळी आहे. १९६७ च्या सार्वजनिक प्रसारण कायद्यातून आधी 'कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग' ही निधी वाटणारी संस्था उभी राहिली आणि १९७० मध्ये एनपीआरची स्थापना झाली. एफएम पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग अमेरिकेत अव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. विद्यापीठांची, समाजांची आणि शहरांची केंद्रे बहुतांशी तेथेच सापडतात. एनपीआर ही या केंद्रांची मालक नाही. केंद्रे स्वतंत्र आहेत, ती एनपीआरची सभासद आहेत, आणि कार्यक्रमांसाठी तिला शुल्क देतात. प्रत्येक केंद्राला जाहिरातदारापेक्षा वर्गणी देणाऱ्या श्रोत्याकडे अधिक पाहावे लागते. अशा श्रोत्याला अनोळखी गाणे ऐकवले तर तो केंद्र बदलत नाही. उलट अनोळखी गाणे ऐकायला मिळावे म्हणूनच तो वर्गणी देतो. नव्या कलावंताच्या दृष्टीने सार्वजनिक रेडिओचे सर्वांत मोठे भांडवल हेच असावे, असे मला वाटते.

'टायनी डेस्क' हा उपक्रम मात्र कोणत्याही धोरणातून आला नाही. तो एका वैतागातून आला. २००८ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे दरवर्षीच्या संगीत महोत्सवात एनपीआरचे बॉब बॉयलन आणि स्टीफन थॉम्पसन लॉरा गिब्सन या गायिकेला ऐकायला एका बारमध्ये गेले होते आणि गर्दीच्या गोंगाटात त्यांना गाणे नीट ऐकूच येईना. थॉम्पसन यांनी थट्टेने सुचवले की यापेक्षा तुम्ही बॉयलन यांच्या टेबलापाशीच येऊन गा. काही आठवड्यांनी गिब्सन खरोखरच वॉशिंग्टनला येऊन त्या टेबलामागे गायल्या. बॉयलन यांच्या तरुणपणीच्या बँडचे नाव 'टायनी डेस्क युनिट' असे होते, तेच नाव या बैठकींना लाभले. पुस्तकांनी आणि वस्तूंनी भरलेली कपाटे, समोर कामाच्या जागेवरून उठून आलेले कर्मचारी, आणि गायकाचा आवाज मोठा करून ऐकवणारे स्पीकर नाहीत. माईक असतो तो मुद्रणासाठी. त्यामुळे ढोल जोरात वाजला तर गायकाचा आवाज बुडतो आणि सर्वांनाच हळू वाजवावे लागते. मोठ्या रंगमंचाला सरावलेल्या बँडची येथे तारांबळ उडते. एकट्याने, खोलीत बसून वाजवणाऱ्याला मात्र ही जागा घरासारखी असते.

डिसेंबर २०१४ मध्ये याच टेबलासाठी स्पर्धा जाहीर झाली आणि २०१५ पासून विजेते निवडले जाऊ लागले. नियम मोजके होते. स्वतःचे गाणे हवे. ते कोणत्याही टेबलापाशी गाऊन त्याचा व्हिडिओ पाठवायचा. आणि कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झालेला नसावा. प्रत्येक नियम चाळणीसारखा काम करतो, आणि या चाळण्या कोणत्या दिशेने लावल्या आहेत ते पाहण्यासारखे आहे. स्वतःच्या गाण्याची अट असल्यामुळे लोकप्रिय गाण्याची नक्कल करून टाळ्या मिळवण्याची वाट बंद होते. करार नसण्याच्या अटीमुळे ज्यांच्या पाठीशी आधीच यंत्रणा आहे ते बाजूला होतात. टेबलाची अट वरकरणी गमतीची वाटते, पण तिच्यामुळे स्टुडिओ भाड्याने घेणारा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून गाणारा, हे दोघे जवळपास एका पातळीवर येतात. चांगला कॅमेरा आणि उत्तम प्रकाशयोजना असलेल्या व्हिडिओचा परीक्षकांवर काहीच परिणाम होत नसेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही या नियमांमुळे तो परिणाम कमी होतो.

गेलिन ली यांच्या प्रकरणात टेबलाच्या अटीला आणखी एक अर्थ आला, जो नियम करणाऱ्यांच्या बहुधा मनातही नसावा. प्रवेशिका पाठवण्यासाठी त्यांना कोणत्याही रंगमंचावर चढावे लागले नाही. निवड झाल्यावर ज्या जागी वाजवायचे होते ती जागाही रंगमंच नव्हती. ते एका कार्यालयातले टेबल होते, आणि कार्यालयाची फरशी सपाट असते. सुरुवातीपासून विजयापर्यंतच्या या सबंध वाटेवर एकही पायरी नव्हती. निवड कलेवर झाली हे खरेच, परंतु कलेपर्यंत कान पोहोचायच्या आधी अडवणारी जी गोष्ट एरवी प्रत्येक सभागृहात असते, ती येथे योगायोगानेच गैरहजर होती.

हे किती निर्णायक होते ते विजयानंतर दिसले. बक्षीस म्हणून वॉशिंग्टनमधील त्या टेबलामागे कार्यक्रम झाला, त्याचा व्हिडिओ देशाबाहेरही पाहिला गेला, आणि ठिकठिकाणांहून बोलावणी येऊ लागली. २०१६ च्या शरद ऋतूत गेलिन ली आणि त्यांचे पती यांनी डुलूथमधील घर विकून एक व्हॅन घेतली आणि दोघे पूर्णवेळ दौऱ्यावर निघाले. पुढील काही वर्षांत अमेरिकेतील चाळीसहून अधिक राज्यांत आणि अनेक देशांत त्यांचे कार्यक्रम झाले. रेडिओने उघडलेले दार असे त्याला म्हणता येईल; पण त्या दारांपुढे पायऱ्या होत्या. नव्या संगीताच्या ज्या लहान क्लबांमध्ये अशा दौऱ्यांचे कार्यक्रम होतात, तेथे रंगमंच जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असतो आणि त्यावर जाण्याचा मार्ग म्हणजे बाजूच्या चार पायऱ्या. श्रोत्यांसाठी उतार केलेला असला तरी कलावंतही व्हीलचेअरवरून येऊ शकतो हे बांधणाऱ्याच्या ध्यानात आलेले नसते. सुरुवातीला गेलिन ली रंगमंचासमोर, खाली जमिनीवर बसून वाजवत असत. मागच्या रांगेतल्या माणसाला तेव्हा व्हायोलिन दिसत नाही, फक्त ऐकू येते. आणि ज्या कलावतीच्या नावाने तिकिटे विकली गेली तीच कलावती सभागृहातल्या सर्वांत खालच्या जागी बसलेली असते. पुढे त्यांनी ही तडजोड नाकारली आणि रंगमंचावर जाण्याची सोय असेल तरच कार्यक्रम घ्यायचा, असे ठरवले. उत्पन्नाच्या दृष्टीने हा निर्णय सोपा नव्हता, हे उघड आहे.

एनपीआरला या पायऱ्या काढता येणार नव्हत्या. सभागृहे तिची नव्हती. परंतु या स्पर्धेने गेलिन ली यांना जे नाव दिले, त्या नावामुळे त्यांच्या बोलण्याला वजन आले, आणि ते वजन त्यांनी अपंगत्व आणि कला या विषयावर बोलण्यासाठी वापरले. अपंग संगीतकारांची आणि संगीत व्यवसायातील अपंग व्यक्तींची 'रॅम्पड' ही संघटना ज्यांनी स्थापन केली त्यांत त्या आहेत; आद्याक्षरांतून तयार झालेल्या या नावात 'रॅम्प' हा शब्द ऐकू येतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर डॅनियल क्रेग आणि रूथ नेगा यांच्या भूमिका असलेले 'मॅकबेथ' रंगमंचावर आले तेव्हा त्याचे संगीत गेलिन ली यांनी केले होते. टेबल ते ब्रॉडवे हे अंतर सहा वर्षांचे. त्याचे सारे श्रेय रेडिओला देणे अन्यायाचे होईल. त्या दोहोंच्या मध्ये व्हॅनमधली वर्षे आहेत.

'नवोदित' या शब्दाचाही येथे थोडा विचार करायला हवा. आपण तो ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर विशीतला कोणी येतो. या स्पर्धेचे पहिले विजेते, कॅलिफोर्नियातील ओकलंडचे गायक फँटास्टिक नेग्रिटो, २०१५ मध्ये सत्तेचाळीस वर्षांचे होते. नव्वदच्या दशकात मोठ्या कंपनीशी करार, एक अल्बम, मग अपयश, त्यानंतर मोटार अपघात, त्यात आलेली अनेक दिवसांची बेशुद्धी आणि हाताला कायमची इजा, इतके सारे होऊन गेल्यावर ते पुन्हा रस्त्यावर गाऊ लागले होते. पुढे समकालीन ब्लूजसाठीचा ग्रॅमी पुरस्कार त्यांना तीनदा मिळाला. २०२२ च्या विजेत्या अलिसा अमाडोर यांनी स्पॅनिशमधील गाणे पाठवले होते, आणि संगीत सोडून देण्याच्या विचारात असतानाच निवडीची बातमी आली, असे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे या टेबलाने ज्यांना उचलून धरले ते पुष्कळदा सुरुवातीच्या पायरीवर नव्हते; मधल्या, थकवणाऱ्या टप्प्यावर होते, जेथे कौशल्य पक्के झालेले असते आणि उमेद संपत आलेली असते. व्यापारी यंत्रणेला तरुण चेहरा हवा असतो. सार्वजनिक रेडिओला गाणे पुरते.

आता दुसरी बाजू. सहा हजारांतून एक, म्हणजे बाकी सर्वांना नकार. त्यांपैकी प्रत्येकाने आपला वेळ खर्चून व्हिडिओ केला, तो आपल्या ओळखीच्यांना पाठवला, आणि त्या निमित्ताने एनपीआरच्या नावाचा प्रचारही झाला. या दृष्टीने पाहिले तर स्पर्धेचा सर्वांत निश्चित लाभार्थी स्पर्धा भरवणाराच असतो. शिवाय हा सारा उपक्रम रेडिओचा असूनही तो जगतो व्हिडिओवर, खासगी कंपन्यांच्या मंचांवर. रेडिओने स्वतःच्या लहरींबाहेर जाऊन श्रोता मिळवला, हे त्याचे यश मानायचे की हतबलता, यावर मतभेद होऊ शकतात. माझे मत यशाकडे झुकते, पण पूर्णपणे नाही.

या आक्षेपाला जे उत्तर आहे ते वॉशिंग्टनमध्ये सापडत नाही. ते सभासद केंद्रांमध्ये आहे. आलेल्या प्रवेशिका जाहीरपणे पाहता येत असल्यामुळे प्रत्येक केंद्राला आपल्या भागातून कोण कोण गात आहे याची एक आयती यादी मिळते. पुष्कळ केंद्रे त्यातून आपल्या पसंतीची गाणी निवडून वाजवतात, त्या कलावंतांना मुलाखतीला बोलावतात. आणि नंतरच्या वर्षांत विजेत्यांचा दौरा ज्या शहरांत गेला तेथे स्थानिक प्रवेशिकांमधील काहींना त्याच संध्याकाळी मंच मिळाला. मिनेसोटामध्ये ही परंपरा स्पर्धेहून जुनी आहे. २००५ मध्ये ८९.३ मेगाहर्ट्झवर सुरू झालेल्या 'द करंट' या मिनेसोटा पब्लिक रेडिओच्या केंद्राने राज्यातील संगीतासाठी स्वतंत्र साप्ताहिक कार्यक्रम ठेवला. राष्ट्रीय स्पर्धा वर्षातून एका नावावर झोत टाकते; असा साप्ताहिक कार्यक्रम वर्षभर अनेक नावे थोडी थोडी उजेडात ठेवतो. कारकीर्द टिकते ती बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या उजेडामुळे.

पैशाचा हिशेबही स्पष्ट मांडला पाहिजे. अमेरिकेत एफएम किंवा एएम रेडिओवर गाणे वाजले तर कायद्याने पैसे मिळतात ते गीतकार आणि संगीतकाराला. गाणाऱ्याला किंवा वाजवणाऱ्याला त्या प्रसारणाचे काही मिळत नाही. इंटरनेटवरून होणाऱ्या रेडिओ प्रसारणात मात्र सादर करणाऱ्याचाही वाटा असतो. म्हणून 'स्वतःचे गाणे' ही अट आर्थिक दृष्टीनेही महत्त्वाची ठरते: गेलिन ली यांच्यासारखी कलावती स्वतःच रचनाकार असल्यामुळे रेडिओवर गाणे वाजले की रचनेचा मोबदला तरी तिचा असतो. तो फार मोठा असतो असे नाही. रेडिओ देतो ती ओळख. पैसा त्या ओळखीतून मिळणारे कार्यक्रम, विकले जाणारे अल्बम आणि शिकवण्या यांतून येतो.

गाणी वाजवण्याच्या हक्कांचे परवाने सार्वजनिक केंद्रांसाठी एकत्रितपणे मिळवण्याचे आणि त्यांचा खर्च उचलण्याचे काम कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग करत असे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या संस्थेसाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि ऑगस्टच्या पहिल्या दिवशी संस्थेने कामकाज आटोपते घेत असल्याचे जाहीर केले. एनपीआरला केंद्र सरकारकडून थेट मिळणारा वाटा एक टक्क्याच्या आसपास होता, त्यामुळे ते टेबल लगेच हलणार नाही. २०२५ मध्येही त्या स्पर्धेला हजारो प्रवेशिका आल्या. फटका बसतो तो ग्रामीण भागातल्या लहान केंद्रांना, ज्यांच्या अंदाजपत्रकात हा निधी बराच मोठा होता. अशा केंद्रावर दोन-चार पगारी माणसे असतात, आणि खर्च कापायची वेळ आली की बातम्या आणि हवामान राहतात. आठवड्यातून एकदा शेजारच्या गावातले गाणे लावणारा तास, ज्याला प्रायोजक मिळणे आधीच कठीण असते, तो कापण्याच्या यादीत वर येतो.